दुरुस्त्या चार, दोष तोच: जुन्या गाडीच्या डीलरशी भांडायचं कसं

जुन्या गाडीच्या भांडणात गिऱ्हाईक बहुतेक वेळा पार्टच्या यादीपुढे हरतं. डीलर बोटांवर मोजून दाखवतो: थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर खोलून साफ केला, वॉटर पंप नवा टाकला. "आता अजून काय करू दादा?" यादी लांबत गेली की आपल्यालाच कसंनुसं व्हायला लागतं. पण आपली तक्रार एका ओळीची होती: घाटात गाडी गरम होते. ती ओळ पहिल्या दिवशी खरी होती आणि चौथ्या दुरुस्तीनंतरही खरी आहे. भांडायचं ते या ओळीवर. कोणता पार्ट बदलायचा ही त्याच्या फिटरची डोकेदुखी.

सोयीसाठी एक गाडी डोळ्यांसमोर ठेवू. समजा, अमळनेरच्या एका शिक्षकाने जळगावच्या कार बाजारातून ४ लाख ६५ हजारांना सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक घेतली. गावात गाडी लोण्यासारखी चालते. चाळीसगाव सोडून कन्नड घाटाला लागली, एसी चालू, चार माणसं आत, की तापमानाचा काटा वर. डीलरकडे तीन-चार फेऱ्या झाल्या. दर वेळी चहा मिळाला, "चिंता नका करू भाऊ, गाडी आपलीच शे" हेही मिळालं, आणि पुढच्या रविवारी घाटात पुन्हा बॉनेट उघडून उभं राहायची वेळ आली.

विकणारा कोण, हे आधी पक्कं करा

भांडण पेटलं की डीलरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मी तर फक्त कमिशनवाला. गाडी मूळ मालकाची, त्याला विचारा." हे वाक्य खोडून काढायची तयारी आधीच हवी, कारण ग्राहक आयोगात तुम्ही धंदा करणाऱ्याविरुद्ध जाऊ शकता. घरची एकुलती गाडी विकणाऱ्या शेजाऱ्याविरुद्ध तिथे सहसा काही चालत नाही. त्यासाठी दिवाणी कोर्ट.

सगळ्यात बोलका पुरावा बँकेचं स्टेटमेंट. पैसे कोणाच्या खात्यात गेले? डीलरच्या किंवा त्याच्या फर्मच्या खात्यात गेले असतील तर "फक्त कमिशनवाला" फार टिकत नाही. रोख दिले असतील तर बयाण्याची चिठ्ठी, डिलिव्हरी नोट, व्हॉट्सॲपवर ठरलेला भाव, जे हाती असेल ते शोधा. त्याने गाडीची जाहिरात टाकली असेल तर तिचा स्क्रीनशॉट आजच काढा. "इंजिन एक नंबर, एक रुपयाचं काम नाही" अशी ओळ त्यात असेल तर ती सोन्याची. वाद सुरू झाल्यावर जाहिराती पुसल्या जातात.

दुसरी गोष्ट अजून बऱ्याच लोकांना माहीत नाही. १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी वेगळी तरतूद आली आहे. डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं, ते फॉर्म २९-बी वर मिळतं. मालकाकडून गाडी ताब्यात आली की फॉर्म २९-सी वर परिवहन खात्याला ऑनलाइन कळवायचं, आणि तिथून पुढे गाडीचा मानीव मालक, म्हणजे कायद्याच्या नजरेत मालक, तो डीलर. गाडी बाहेर काढली तर ती कशासाठी, कोणी चालवली, किती किलोमीटर झाले, याची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवणंही त्याच्याकडे आलं. म्हणून नोटिशीत सरळ विचारा: तुमचं अधिकारपत्र दाखवा, या गाडीचा २९-सी कधी भरला ते सांगा, नोंदवहीची प्रत द्या. असेल तर तो मालक ठरतो. नसेल तर नियम मोडून धंदा केला असं आयोगापुढे मांडता येतं. दोन्हीकडून तुमचंच काम होतं.

बिलाबद्दल एक. "बिल पाहिजे तर वर १८ टक्के द्या" असं म्हणून अनेकांना बिलापासून लांब ठेवलं जातं. नोंदणीकृत डीलरला जुन्या गाडीवर जीएसटी भरावा लागतो तो त्याच्या मार्जिनवर, पूर्ण किमतीवर नव्हे. ४ लाख २५ हजारांना घेऊन ४ लाख ६५ हजारांना विकली तर मार्जिन ४० हजार, त्याचे १८ टक्के सात हजार दोनशे. ८०-८५ हजारांची जी भीती घातली जाते ती निव्वळ भीती. बिल अजून घेतलं नसेल तर संबंध बरे आहेत तोवर मागून घ्या.

कोणत्या दोषावर भांडायचं आणि कोणता सोडून द्यायचा

सात वर्षांच्या गाडीचा टायर झिजलेला असणार, बॅटरी दम टाकणार, ब्रेक पॅड बदलावे लागणार. ९० हजार किलोमीटर झालेल्या गाडीची क्लच प्लेट गेली म्हणून आयोगात गेलात तर तुमच्या खऱ्या तक्रारीचंही वजन कमी होतं. मी तर म्हणेन यादीतून असल्या गोष्टी स्वतःच काढून टाका. दोनच प्रकार ठेवा: घेताना दिसू शकत नव्हता असा लपलेला दोष, आणि डीलरने दुरुस्तीला घेऊन पुन्हा पुन्हा परत आलेला दोष.

"जशी आहे तशी विकली, गॅरंटी नाही" असं कागदावर लिहून त्याने तुमची सही घेतली असेल तर केस कमजोर होते, यात शंका नाही. पण ती संपत नाही. १९३० चा माल विक्री कायदा एवढंच म्हणतो की गिऱ्हाईकाने माल तपासला असेल तर त्या तपासणीत जे दिसायला हवं होतं त्याबद्दल नंतर तक्रार नाही. दारावरचा ओरखडा दिसायला हवा होता. हेड गास्केटमधली (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलमधली) गळती शोरूमच्या अंगणात दहा मिनिटं गाडी फिरवून कोणाला दिसणार?

शिवाय एक मुद्दा वकीलसुद्धा कधी कधी विसरतात. डीलरने दुरुस्तीचे पैसे घेतले असतील, अगदी "पार्टचे तेवढे द्या, मजुरी माझी" म्हणून चार हजार घेतले असतील, तर ती दुरुस्ती ही स्वतंत्र सेवा झाली. त्या सेवेतली त्रुटी हा विक्रीच्या अटींपासून वेगळा मुद्दा आहे आणि "जशी आहे तशी" ची सही त्याला आडवी येत नाही. म्हणून असे पैसे दिले असतील तर पावती मागा. पावती देत नसेल तर यूपीआयने द्या आणि शेऱ्यात "वॉटर पंप दुरुस्ती" असं टाका.

जॉब कार्ड: इथेच अर्धी लढाई

गाडी दुरुस्तीला सोडताना काय लिहिलं जातं ते बघा. बहुतेक ठिकाणी फिटर वहीत लिहितो: "हीटिंग प्रॉब्लेम. चेक अँड ओके." या दोन शब्दांनी तुमची तक्रारही गेली आणि ती मिटल्याचा पुरावाही त्याच्या हाती गेला.

त्याऐवजी काउंटरवरच्या माणसाला तुमच्या शब्दांत लिहायला लावा: "सपाट रस्त्यावर काटा निम्म्यावर. चाळीसगाव ते कन्नड घाट, एसी चालू, चार माणसं, दुसऱ्या गिअरमध्ये दहा मिनिटांत काटा लाल पट्टीत. एसी बंद करून, गाडी उभी केल्यावर पंधरा मिनिटांत खाली. कुलंट साधारण अर्धा लिटर कमी, खाली गळती दिसत नाही. याआधी याच तक्रारीसाठी गाडी आली होती." त्याखाली तारीख आणि मीटरचं रीडिंग. रीडिंग फार महत्त्वाचं. "तुम्ही गाडी कशीही पळवली" हा आरोप त्यानेच निकालात निघतो: दोन दुरुस्त्यांमध्ये गाडी फक्त तीनशे किलोमीटर चालली हे कागदच सांगतो.

छोट्या डीलरकडे जॉब कार्डच नसतं. गाडी शेजारच्या मिस्त्रीकडे जाते आणि सगळा कारभार तोंडी. तिथे व्हॉट्सॲप हेच तुमचं जॉब कार्ड. गाडी सोडली त्या संध्याकाळी डीलरला मेसेज: "आज गाडी तुमच्याकडे सोडली, रीडिंग अमुक, तक्रार अमुक." गाडी परत घेतली की दुसरा मेसेज: "आज गाडी घेतली, तुम्ही सांगितलं की वॉटर पंप बदलला. जुना पंप माझ्याकडे दिला आहे." त्याने अंगठा दाखवला तरी चालेल. उत्तर दिलं नाही तरी मेसेज पोचल्याच्या दोन टिका राहतात.

जुना पार्ट मागून घ्यायचाच. पिशवीत घालून तारखेची चिठ्ठी लावून ठेवा. जुना पंप चांगला निघाला तर निदानच चुकलं होतं हे दिसतं. पंप बदललाच नसेल तर जुना देताना डीलरची तारांबळ उडते, तीही माहितीच.

गाडी ताब्यात देताना "काम समाधानकारक" अशी छापील ओळ असलेल्या कागदावर सही मागतात. सही नाकारून वाद घालण्यापेक्षा वर लिहा: "घाटात चालवून पाहिल्यानंतरच सांगता येईल." मग सही करा.

दोष लपवणारे जुगाड

आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो. गरम होणाऱ्या गाड्यांवरचे जुगाड इथल्या मिस्त्र्यांना तोंडपाठ आहेत, आणि काही वेळा तेच "दुरुस्ती" म्हणून तुमच्या माथी मारले जातात. तीन ओळखून ठेवा.

पहिला, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कुलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकणं. थर्मोस्टॅट नसला की कुलंट सतत रेडिएटरमधून फिरतं, काटा काही दिवस खाली राहतो आणि गिऱ्हाईक खूश. पण इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं, आणि मूळ रोग तसाच. दुसरा, फॅन डायरेक्ट करणं: सेन्सर आणि रिले बाजूला ठेवून चावी फिरवली की फॅन चालू. सकाळी थंड गाडी सुरू केल्याबरोबर फॅन घुर्र करून फिरायला लागला, एसी बंद असतानाही, तर वायरिंगमध्ये कोणीतरी हात घातला आहे असं समजा.

तिसरा जुगाड चेक इंजिनच्या दिव्याचा. दिवा लागला की स्कॅनर लावून गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसतात, दिवा जातो, गाडी तुम्हाला देतात. पण कोड पुसले की गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःच्या ज्या तपासण्या पूर्ण केलेल्या असतात त्याही कोऱ्या होतात. त्यांना स्कॅनरवर रेडिनेस मॉनिटर म्हणतात. गाडी बरीच चालल्यावरच त्या पुन्हा "पूर्ण" दिसतात. म्हणून गाडी ताब्यात घेतली त्याच दिवशी दुसऱ्या गॅरेजवर स्कॅनर लावून रेडिनेसचा फोटो घ्या. सगळ्या अपूर्ण दिसल्या तर कोड नुकतेच पुसलेले असण्याची शक्यता दाट. मात्र बॅटरी काढली तरी असंच दिसतं, तेव्हा "बॅटरी काढली होती का?" हे आधी मेसेजवर विचारून ठेवा. दिवा लागलेला असताना कोड आणि त्या क्षणाचं तापमान, वेग, आरपीएम यांची नोंद स्कॅनरवर दिसते. इंजिन जास्त तापल्याचा कोड पी०२१७. तो स्क्रीनवर दिसला तर गाडीचा नंबर आणि मीटर यांच्यासकट फोटो काढा.

त्रयस्थाची तपासणी

अशा तक्रारी फेटाळल्या जाण्याचं एक मोठं कारण म्हणजे तज्ज्ञाचा अहवाल नसणं. "गाडी गरम होते" हे तुमचं म्हणणं. "सिलिंडरमधला गॅस कुलंटमध्ये शिरतो आहे" हे तज्ज्ञाचं म्हणणं. आयोगावरची माणसं मेकॅनिक नाहीत, त्यांना दुसरं वाक्य लागतं.

आपल्या उदाहरणातल्या गाडीची लक्षणं पाहून अनुभवी फिटरला हेड गास्केटचा संशय लगेच यावा. बाहेर गळती नाही पण कुलंट कमी होतं, भार पडला की काटा वर जातो, सकाळी थंड गाडीचेही होस पाइप दाबले तर टणक लागतात, टाकीत बुडबुडे दिसतात. हे तपासायला हेड उतरवावं लागत नाही. ब्लॉक टेस्ट म्हणून एक साधी चाचणी असते. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी बसवतात आणि इंजिन चालू ठेवतात. जळलेला गॅस कुलंटमध्ये येत असेल तर पेट्रोल गाडीत तो द्रव निळ्याचा पिवळा होतो. व्हिडिओत रंग बदलताना दिसतो, आणि असा व्हिडिओ दहा पानी युक्तिवादापेक्षा भारी पडतो. जोडीला कुलंट प्रेशर टेस्ट आणि कॉम्प्रेशन टेस्टचे आकडे घ्या.

तपासणी कोणाकडून करून घ्यायची? त्याच ब्रँडच्या अधिकृत वर्कशॉपचा लेखी अंदाज उत्तम. ते बाहेरच्या भांडणात पडायला कचरतात, म्हणून "डीलरविरुद्ध अहवाल द्या" असं न म्हणता "गाडी तपासून दोष आणि दुरुस्तीचं इस्टिमेट लेखी द्या" असं म्हणा. ते त्यांचं रोजचं काम आहे. दुसरा पर्याय परवानाधारक वाहन विमा सर्व्हेअर. तिसरा, शासकीय तंत्रनिकेतन किंवा आयटीआयमधले ऑटोमोबाइलचे अनुभवी शिक्षक. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे अशा संस्था आहेत. अहवालात गाडीचा नंबर, चासी नंबर, रीडिंग, तारीख, केलेल्या चाचण्या, निष्कर्ष आणि तपासणाऱ्याची पात्रता एवढं तरी हवं. अधिकृत वर्कशॉपमधून जुना सर्व्हिस इतिहासही मागा. दोन वर्षांपूर्वीच "ओव्हरहीटिंग" ची नोंद सापडली तर दोष तुम्ही गाडी घेण्याआधीचा होता हे सिद्ध करायचं फारसं काही उरत नाही.

तपासायचं फक्त, खोलायचं नाही. वैतागून भुसावळच्या ओळखीच्या मिस्त्रीकडून हेड उतरवून फेसिंग (हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करणं) करून घेतलंत की दोन गोष्टी होतात: पुरावा गेला, आणि डीलर म्हणायला मोकळा, "बाहेर हात लावला, आता माझी जबाबदारी नाही." वॉरंटी कागदावर असेल तर त्यातही बाहेरच्या दुरुस्तीची अट बहुधा असते. खोलावंच लागलं तर डीलरला तारीख-वेळ कळवून हजर राहायला सांगा आणि सगळं व्हिडिओवर घ्या. गरम होणारी गाडी तशीच दामटूही नका. हेड वाकलं तर "यांनीच चालवून वाट लावली" हे ऐकावं लागेल, आणि त्यात तथ्य असेल. टोचन करून आणा, त्याची पावती ठेवा.

नोटीस

आता तोंडी बोलणं बंद. वकिलाची नोटीस सक्तीची नाही, ग्राहक कायद्यात अशी अट नाही. स्वतः लिहिलेलं साधं पत्र चालतं. पोच मिळेल अशा पोस्टाने पाठवा, तेच ईमेल आणि व्हॉट्सॲपवर टाका. मजकूर साधारण असा:

"आपणाकडून दि. … रोजी रु. ४,६५,०००/- देऊन वाहन क्र. एमएच १९ … खरेदी केले. वाहन चढावर भाराखाली अति गरम होते, ही तक्रार मी दि. … रोजी प्रथम दिली. याच तक्रारीसाठी वाहन दि. …, …, … व … रोजी आपल्या ताब्यात दिले. प्रत्येक वेळी दुरुस्ती झाल्याचे सांगून वाहन परत दिले, परंतु दोष कायम आहे. दि. … च्या तपासणी अहवालानुसार हेड गास्केटमधून गळती आहे. अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत (अ) वाहन परत घेऊन पूर्ण रक्कम व झालेला खर्च परत करावा, अथवा (ब) अधिकृत वर्कशॉपमधून आपल्या खर्चाने संपूर्ण दुरुस्ती करून सहा महिन्यांची लेखी हमी द्यावी. तसे न झाल्यास ग्राहक आयोगात दाद मागावी लागेल."

यात "फसवणूक", "लबाड", "सोडणार नाही" असं काही नाही, आणि ते मुद्दाम. हे पत्र उद्या आयोगाचे सदस्य वाचणार आहेत. दुसरा पर्याय ठेवण्यालाही कारण आहे. २००६ साली एका मोटार कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वॉरंटीची अट सदोष पार्ट बदलून देण्याची असेल तर पूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश टिकत नाही. डीलरचे वकील हा निकाल हमखास पुढे करतात. फक्त पूर्ण पैशांवर अडून बसलात आणि ते नाकारलं गेलं तर हाती भोपळा. पर्यायी मागणी असली की आयोगाला द्यायला काहीतरी राहतं.

नोटिशीबरोबरच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. मराठीत बोलता येतं, फी नाही. ते आदेश देऊ शकत नाहीत, पण मोठ्या ब्रँडच्या जुन्या गाड्यांच्या शोरूमवर याचा परिणाम दिसतो, कारण तक्रार कंपनीच्या मुख्यालयापर्यंत जाते. चौकातल्या एकट्या डीलरला याची फारशी फिकीर नसते.

या काळात तीन मोह आवरा. गाडीच्या कर्जाचा हप्ता थांबवू नका: बँकेचं भांडण नाही, तिने पैसे दिले आहेत, सिबिल तुमचा बिघडेल. गाडी रागाने डीलरच्या दारात टाकून चावी फेकून येऊ नका. ठेवायचीच असेल तर फोटो, रीडिंग आणि पोच घेऊन ठेवा. आणि समाजमाध्यमांवर त्याच्या दुकानाच्या नावाने "चोर" लिहू नका. अब्रुनुकसानीची उलटी नोटीस आली की तुमचं निम्मं लक्ष तिकडे जातं. पोलिसांकडे जायची वेळ मीटर मागे केलेलं किंवा चासी नंबरची गडबड सापडली तर. नुसत्या फसलेल्या दुरुस्तीवर ठाण्यात "हा दिवाणी मामला" हेच ऐकायला मिळेल.

ग्राहक आयोग

जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय केली: तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. आपल्याकडचे बरेच लोक नाशिक, पुणे, सुरतेहून गाड्या आणतात. शहाद्याच्या माणसाने पुण्याहून गाडी घेतली असली तरी तो नंदुरबारला दाद मागू शकतो.

किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंत फी शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, त्यावर ५० लाखांपर्यंत १,०००. आपल्या शिक्षकाला काहीच भरायचं नाही. वकील सक्तीचा नाही, स्वतः उभं राहता येतं, तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइनही भरता येते. पण समोर वकील येणार असेल आणि तुम्हाला कागद लावायची सवय नसेल, तर एखाद्या वकिलाकडून मसुदा तरी तपासून घ्या.

मुदत दोन वर्षं. डीलर "बघू, करू, दिवाळीनंतर" करत राहिला म्हणून मुदत आपोआप वाढत नाही. मी पहिल्या दुरुस्तीपासून दोन वर्षं मोजून चालायला सांगतो, म्हणजे घोळ नको.

गाडी टॅक्सी म्हणून चालवत असाल तर डीलर "व्यावसायिक वापर, ग्राहकच नाही" म्हणणार. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर कायदा तुम्हाला ग्राहक मानतो. ते तक्रारीत स्पष्ट लिहा. करारात लवादाचं कलम असलं तरी आयोगाचं दार बंद होत नाही.

तक्रारीला तारीखवार तक्ता जोडा: तारीख, रीडिंग, तुमचे शब्द, त्याने केलेलं काम, दोष परत दिसल्याची तारीख. एका पानाचा हा तक्ता सदस्य सगळ्यात आधी वाचतात. स्तंभ "तुमचे शब्द" मध्ये चारही वेळा तेच वाक्य दिसलं की पार्टची यादी आपोआप फिकी पडते. चॅट आणि व्हिडिओ जोडताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लावा, आणि मूळ फोन विकू नका. मागण्यांमध्ये किंमत, व्याज, टोचनचा आणि तपासणीचा खर्च, गाडी बंद असतानाचा प्रवासखर्च, मानसिक त्रास आणि तक्रारखर्च वेगवेगळे लिहा. जे पावतीने दाखवता येतं ते आधी. त्रासाबद्दल पाच लाख मागणाऱ्याकडे आयोग संशयाने बघतो.

डीलरला उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. दोष चाचणीशिवाय ठरत नसेल तर आयोग गाडी योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचा अर्ज सुरुवातीलाच करा. कायद्यात निकालाला तीन महिने, चाचणी असेल तर पाच, असं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात जास्त धरा. मध्येच मध्यस्थीचा प्रस्ताव येतो, तो लगेच झिडकारू नका. निकालाविरुद्ध डीलरला ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील करता येतं, पण आदेशाच्या निम्मी रक्कम भरल्याशिवाय नाही. आदेश पाळला नाही तर कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड. हा अर्ज दाखल झाला की पैसे लवकर सापडतात, असा अनुभव.

तडजोड आणि गाडी परत देणं

बरीच प्रकरणं निकालाआधी मिटतात. डीलर म्हणतो, गाडी परत घेतो, पण वापराचे पन्नास हजार कापतो. काही कपात रास्त असते, तुम्ही गाडी वापरली आहे. किती किलोमीटर चाललात, किती दिवस ती त्याच्याच गॅरेजमध्ये होती, हे तक्त्यातून मांडून आकडा खाली आणा. ठरलं ते स्टॅम्प पेपरवर, आणि "उर्वरित कोणतीही तक्रार नाही" ही ओळ पैसे खात्यात आल्यावरच. चेक दिला तर तो वटेपर्यंत चावी तुमच्याकडे. पुढच्या तारखेचे तीन चेक घेऊन गाडी दिली आणि तिसरा परत आला, असं होताना दिसतं.

कर्ज असेल तर आधी बँकेकडून बंद करायची रक्कम लेखी घ्या आणि डीलरकडून ती थेट कर्जखात्यात जाऊ द्या. मग हायपोथिकेशन (आरसीवरची बँकेच्या कर्जाची नोंद) उतरवणं, आरसीवरचं नाव बदलणं. नुसत्या मालकी बदलायच्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून सुटल्यासारखं वाटून घेऊ नका. ती गाडी उद्या शिरपूरजवळ कोणाला ठोकली तर नोंद तुमच्या नावावर असेल. अधिकृत डीलर असेल तर त्याच्याकडून २९-सी भरून घ्या आणि परिवहनच्या पोर्टलवर तुमच्या गाडीच्या नोंदीत तो दिसतो का ते त्याच्या टेबलावर बसूनच बघा. डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहा, त्या वेळेनंतरचे चलान कोणाचे हे त्यावरून ठरतं. विमा कंपनीला कळवून पॉलिसीचं काय ते करून घ्या, नो क्लेम बोनसचं पत्र मागा. आणि फास्टॅग बंद करा, नाहीतर ती गाडी टोलनाक्यावरून गेली की पैसे तुमच्याच खात्यातून कापले जातील.